ऑनलाइन विकलेला माल परत आला की क्लेम कसा लावायचा

जळगावच्या चटया कुठेकुठे जातात ते आपल्याकडे सगळ्यांना माहितीये. मी त्याच एमआयडीसीतून माल उचलून सहा वर्षं ऑनलाइन विकतोय, आणि रोज चार-दोन पार्सल परत येतातच. नवीन पोरं विचारतात, भाऊ रिटर्न बंद कसे करायचे? बंद होत नाहीत, बुडणारे पैसे कसे वाचवायचे, म्हणजे वेबसाइटकडे नुकसानभरपाईचा क्लेम कसा लावायचा ते शिका. आणि कोणी सांगितलं की गिऱ्हाइकाला फोन करून रिटर्न कॅन्सल करायला लावा, तर ते अजिबात करू नका, त्याने तक्रार केली तर अकाउंट अडचणीत येतं.

कुरिअरवाला संध्याकाळी घाईत येतो, दारात पंधरा पार्सल टाकतो आणि ओटीपी मागतो. आधी मोजा, यादीशी नंबर जुळवा, मगच ओटीपी द्या. चौदा आले आणि तुम्ही ओटीपी दिला की पंधरावंही तुम्हाला मिळालं असंच लागतं. फाटलेलं, पुन्हा टेप मारलेलं दिसलं तर फोटो काढा आणि त्याच्या कागदावर तसा शेरा लिहा.

मग दोन ढीग करा. आरटीओ म्हणजे गिऱ्हाइकाने घेतलंच नाही ते, कस्टमर रिटर्न म्हणजे घेऊन परत दिलेलं. क्लेम लावताना पॅनेलवर, म्हणजे वेबसाइटवरच्या आपल्या विक्रेता खात्यात, दोन्हीचे पर्याय वेगळे असतात, चुकीचा निवडला की तिथंच अडकतं.

आता उघडतानाचा व्हिडिओ. मी इथं लई मार खाल्लाय म्हणून नीट सांगतो. दुसऱ्या वर्षी मी सहा बाय नऊची कोरी हिरवी चटई पाठवली होती, परत आली चार बाय सहाची, कडेची पट्टी उसवलेली आणि मधोमध हळदीचा पिवळा डाग. व्हिडिओ होता माझ्याकडे, तरी क्लेम रिजेक्ट. कारण काय, तर मी आधी टेप कापली, आतलं बघून डोकं फिरलं, आणि मग मोबाइल काढला. तपासणाऱ्याला दिसलं काय? उघडं पार्सल आणि एक जुनी चटई. ती मीच तिथं ठेवली नाही कशावरून? त्या महिन्यात माझे अकरा क्लेम असेच गेले.

तर व्हिडिओ बंद पार्सलपासूनच सुरू झाला पाहिजे, आणि एकसलग, मधे कुठं थांबवायचा नाही, जोडायचा नाही. मोबाइल स्टँडवर लावा, एअरप्लेन मोड टाका, नाहीतर मधेच फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. पार्सल सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवा, लेबल कॅमेऱ्याजवळ नेऊन मनात पाच आकडे मोजा, ट्रॅकिंग नंबर वाचता आला पाहिजे. मग काट्यावर ठेवा, आकडा दिसू द्या. मगच ब्लेड लावा, पण लेबलवरून नाही, बाजूने. माल पूर्ण उलगडा आणि मेजरटेप लावून माप दाखवा, डाग-फाट जवळून दाखवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि गोदामाला पत्रे, दुपारी दोनला मोबाइल तापून कॅमेरा आपोआप बंद पडतो. माझे दोन व्हिडिओ असेच अर्धवट गेलेत. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका.

आणि पाठवतानाचा पुरावा नसेल तर परतीचा व्हिडिओ अर्धाच कामाचा. मी प्रत्येक चटईच्या आतल्या पट्टीवर मार्करने ऑर्डर नंबरचे शेवटचे चार आकडे लिहितो, काट्यावरचा फोटो काढतो. परत आलेल्या चटईवर ते आकडे नसले की बोलायला जागा राहत नाही.

क्लेम त्याच दिवशी लावा. अमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ, म्हणजे सेलर प्रोटेक्शन फंड. मुदत सगळीकडे वेगळी, पॅनेलवर बघून घ्या. लिहिताना रडगाणं नको, शिवीगाळ तर नकोच. एवढंच लिहा: पाठवलं 6 बाय 9 हिरवी, वजन 2 किलो 100 ग्रॅम, आलं 4 बाय 6 वापरलेली, वजन 900 ग्रॅम, व्हिडिओत अमुक मिनिटाला माप दिसतं. रिजेक्ट झालं तर त्याच केसमध्ये कारणाला धरून स्क्रीनशॉटसह उत्तर द्या, एकाच ऑर्डरची दहा तिकिटं उघडू नका.

पण चूक आपली असेल तर भांडू नका. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत 2020 चे, त्यात सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. गिऱ्हाईक 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो, आणि केली पाहिजे. माझ्याकडे 'छोटी निघाली' म्हणून फार रिटर्न यायचे, शेवटी कळलं की फोटोत चटईशेजारी माणूस नव्हता आणि माप नुसतं फुटात होतं. आता सेंटिमीटरही लिहितो आणि फोटोत चटईवर माझी दोन्ही पोरं बसलेली असतात, ती तक्रार बरीच कमी झाली.

हिशोबाचं एकच. परत आलेल्या ऑर्डरींच्या क्रेडिट नोट, म्हणजे विक्री उलटवल्याचे कागद, महिन्याच्या जीएसटीआर-1 ची (विक्रीचा जीएसटी तपशील) 11 तारीख यायच्या आधी सीएकडे द्या, नाहीतर न झालेल्या विक्रीचा कर भरून बसाल. टीसीएस, म्हणजे वेबसाइट आपल्या पैशातून जो जीएसटी कापते, तोही बघा, जुलै 2024 पासून तो अर्धा टक्का आहे आणि रिटर्न वजा जाऊनच कापला पाहिजे, पोर्टलवरचा आकडा आपल्या वहीशी दर महिन्याला जुळवा.