पीडीएफ फॉर्मवर डिजिटल सही होत नसेल तर आधी हे बघा

मार्च किंवा सप्टेंबरात फॉर्म भरायची घाई आली की सोलापुरात टॉवेल-चादरवाल्यांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) लावलंय पण सही होईना. बहुतेक वेळा डीएससी चांगलंच असतं ओ, घोळ असतो सॉफ्टवेअरचा.

फॉर्म क्रोममधे उघडला आणि नुसतं ‘प्लीज वेट’ दिसतंय? मग तो एक्सएफए प्रकारचा, म्हणजे अ‍ॅडोबी रीडरमधेच नीट उघडणारा फॉर्म आहे, कितीबी वेळ थांबा, काय होणार नाही. फाईल डाउनलोड करा, राइट क्लिक, ओपन विथ, अ‍ॅडोबी रीडर. मोबाईलवर तर नादच सोडा.

मग टोकन, म्हणजे डीएससी ज्यात असतं ते पेनड्राइव्हसारखं यूएसबी. ईपास, प्रॉक्सकी जी कंपनी असेल त्याचाच ड्रायव्हर टाकायचा, दुसऱ्याचा चालत नाही. मग टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडा, त्यात तुमचं नाव आणि मुदत दिसली पाहिजे. तिथंच दिसत नसेल तर अ‍ॅडोबीला शिव्या देऊन उपयोग नाही, यूएसबी पोर्ट बदला, ड्रायव्हर परत टाका. तिथं दिसतंय पण अ‍ॅडोबीत दिसत नाही, तर प्रेफरन्सेसमधे सिक्युरिटी एनहान्स्डमधे प्रोटेक्टेड मोडची टिक काढा, रीडर बंद करून परत चालू करा, आणि काम झालं की टिक परत लावा, ती सुरक्षेसाठीच असते.

सही सगळ्यात शेवटी करायची. आकडे, अटॅचमेंट सगळं भरून, सेव्ह करून मग. सहीनंतर काही बदललं की सही बाद होते किंवा फॉर्म लॉक होऊन बसतो. आणि सही केलेली फाईल ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून पाठवू नका, त्यात सहीचं नुसतं चित्र उरतं.

सही झाली पण ‘व्हॅलिडिटी अननोन’ येतंय म्हणून घाबरू नका, सही चुकलेली नाही, तुमच्या रीडरला सीसीए इंडियाचं (डीएससी देणाऱ्या कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय) रूट म्हणजे मूळ सर्टिफिकेट ओळखीचं नाही एवढंच. सहीवर क्लिक करा, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, डावीकडच्या यादीत सगळ्यात वरचं सीसीए इंडिया निवडा, ट्रस्ट टॅबमधे अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, मग व्हॅलिडेट. हे फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरतं होतं, समोरच्या पार्टीला तिच्याकडं परत करावं लागतं, आधीच सांगून ठेवा म्हणजे फोन येत नाही.

डीएससीचा जुना क्लास 2 प्रकार 2021 पासून मिळत नाही, आता क्लास 3 च. टोकनचा पासवर्ड आठवत नसेल तर अंदाजानं मारत बसू नका, ठराविक चुकांनंतर टोकन लॉक होतं, मग ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडंच जावं लागतं.