झाडांच्या टाकीला सीओटू लावायचा का? आधी दिवा बघा

माशांच्या टाकीतली झाडं वाढत नाहीत आणि पानांच्या कडांवर काळं शेवाळ चढतंय, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुतेक वेळा समोर सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचं सिलिंडर येतं. ते घेण्याआधी टाकीवरचा दिवा किती प्रखर आहे आणि तो किती तास जळतो हे पाहा. दिवा जितका तेज, तितकी झाडाची कार्बनची भूक मोठी. ती भागली नाही तर झाड थबकतं आणि पडून राहिलेल्या उजेडाचा फायदा शेवाळ घेतं. उजेड घटवून भूक कमी करणं हा फुकटातला उपाय आहे आणि तो आधी करावा.

झाडाच्या वाळलेल्या वजनात ४० ते ४५ टक्के कार्बन असतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात सीओटू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम उरतो. शिवाय तो पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, म्हणून पानाभोवतीचं पाणी चटकन रितं होतं. मासे असलेल्या, तळाशी सेंद्रिय माती असलेल्या टाकीत २ ते ४ मिलिग्रॅम मिळून जातो. सिलिंडर लावणारे २० ते ३० मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवतात.

आता दोन फुटी टाकी घेऊ: ६० × ३० × ३६ सेंटिमीटर. माती-दगड वजा जाता तिच्यात साधारण ५० लिटर पाणी मावतं. लिटरमागे १० ते २० ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप, खोक्यावर छापलेलं असतं) म्हणजे मंद उजेड. या टाकीला ५०० ते १००० ल्युमेन, म्हणजे ५ ते १० वॅटची चांगली एलईडी. एवढ्यावर गॅसची गरज नाही. लिटरमागे ४० ल्युमेनच्या वर गेलात की गॅसवाचून निभाव लागणं कठीण. मधला पट्टा फसवा आहे आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. तिथे टायमर लावून दिवा ६ तासांवर आणा, शक्य असेल तर थोडा वर उचला आणि सहा आठवडे थांबा.

सहा आठवडे का? रोपवाटिकेत बहुतेक पाणझाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. टाकीत बुडवल्यावर ती जुनी पानं गाळतात आणि पाण्याखालची नवी पानं काढतात. पहिले तीन-चार आठवडे क्रिप्टोकोरिन विरघळल्यासारखी दिसते, ती यामुळे. हा सीओटूचा तुटवडा नव्हे. जुन्या पानांवरून निवाडा करू नका, नवी फूट बघा.

खरा तुटवडा ओळखायला एक सोपी चाचणी आहे. पाणी जितकं आम्लधर्मी तितका त्याचा पीएच कमी, आणि विरघळलेला सीओटू पाणी आम्लधर्मी करतो. सकाळी दिवा लागण्याआधी पाण्याचा पीएच मोजा आणि संध्याकाळी दिवा विझण्याआधी पुन्हा मोजा. दिवसभरात तो अर्धा ते एक अंकाने वर चढत असेल, तर झाडं होता नव्हता तो सीओटू ओढून घेत आहेत. व्हॅलिसनेरियाच्या पानांवर खरखरीत पांढरा थर बसत असेल तर तोही पुरावा. पाण्यातला सीओटू संपल्यावर ही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढतात आणि मागे चुना पानावर साठतो. पीएच जागचा हलत नसेल आणि तरीही झाडं पिवळी असतील, तर खत तपासा. सिलिंडरने काही होणार नाही.

झाडांची निवडही बरंच ठरवते. अनुबियास, जावा फर्न, बुसेफालान्ड्रा, क्रिप्टोकोरिन वेन्डटी, जावा मॉस, हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया आणि तरंगणारी झाडं गॅसशिवाय वर्षानुवर्षं छान राहतात. जमिनीवर हिरवा गालिचा हवा असेल, म्हणजे एचसी क्युबा किंवा ग्लोसोस्टिग्मा, तर गॅस घ्याच. मॉन्टे कार्लो गॅसशिवाय जगते, पण रांगायला महिने घेते. लालभडक रोटाला मॅक्रान्ड्रा आणि रोटाला वॉलिची याही गॅसवाल्याच. यांच्यापैकी मॅक्रान्ड्रा तर आपल्या देशातलीच. मग ओढ्यात तिला सिलिंडर कोण लावतं? मातीतून झिरपून ओढ्यात येणाऱ्या पाण्यात विरघळलेला सीओटू हवेच्या समतोलापेक्षा बराच जास्त असतो आणि अशी झाडं वर्षातला काही काळ पाण्याबाहेरही वाढतात. काचेच्या साचलेल्या टाकीत यातलं काहीच नसतं.

निर्णय ‘हो’ असेल तर पुढचं नीट वाचा.

बाटलीतला गॅस स्वस्त पडतो, पण बेभरवशाचा असतो. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीत २०० ग्रॅम साखर, पाव चमचा यीस्ट आणि सव्वा लिटर कोमट पाणी एवढ्यावर दोन-तीन आठवडे बुडबुडे येतात. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात यीस्ट उतावीळ होतं आणि बाटली आठवड्यातच दम टाकते. गॅसचं प्रमाण असं वरखाली होत राहिलं की काळं दाढीसारखं शेवाळ हटकून येतं; गॅस नसलेल्या टाकीपेक्षा ही अवस्था वाईट. शिवाय यीस्ट रात्री बंद करता येत नाही. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिडचा संच (प्रत्येकी २०० ग्रॅम) जास्त स्थिर चालतो आणि २०० ग्रॅम सोड्यातून साधारण १०० ग्रॅम गॅस निघतो. पण त्यात दाब चढतो, म्हणून सुरक्षा व्हॉल्व्ह असलेलं धातूचं भांडंच घ्या. काचेची बाटली कधीही नको.

‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं. ते जंतुनाशक आहे. शेवाळावर चालतं, पण सीओटूची जागा घेत नाही. व्हॅलिसनेरिया आणि मॉस त्याने करपतात. हाताळताना हातमोजे घाला.

५० लिटरच्या वरच्या टाकीला सिलिंडरच बरं. ते पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता असलेलं आणि दाबचाचणीची तारीख कोरलेलं घ्या. भरून घेताना कोरलेल्या वजनापेक्षा जास्त गॅस नको. २० अंशांना आत सुमारे ५७ बार दाब असतो आणि तापमानाबरोबर तो झपाट्याने वाढतो. बंद गाडीत किंवा गच्चीवर सिलिंडर ठेवू नका. ते नेहमी उभं आणि बांधलेलं असावं. आडवं केलं की द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो.

जोडणीचा क्रम असा: सिलिंडर, रेग्युलेटर (दाब कमी करणारा), सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप), नीडल व्हॉल्व्ह (गॅस बारीक कमी-जास्त करणारा), चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा), बबल काउंटर (बुडबुडे मोजायची नळी), डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा). चेक व्हॉल्व्ह वगळला तर गॅस बंद झाल्यावर टाकीचं पाणी नळीतून उलटं येऊन सोलेनॉइड खराब करतं. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून गळती बघा. डिफ्यूझर तळाजवळ, फिल्टरच्या प्रवाहात येईल असा बसवा. दोन फुटी टाकीला दोन सेकंदांत एक बुडबुडा इथून सुरुवात करा आणि दर दोन दिवसांनी थोडा वाढवा. टायमरने गॅस दिव्याआधी दीड-दोन तास चालू होऊ द्या आणि दिवा विझण्याच्या तासभर आधी बंद.

मोजायला ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत लावायची रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी काचेची कुपी, वापरा. त्यात ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) तयार द्रावण भरा, टाकीचं पाणी नको. निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे धोका. रंग बदलायला दोनेक तास लागतात, म्हणून तो आत्ताची नाही, मघाची स्थिती दाखवतो. केएच-पीएचचा हिशेबही करता येतो: केएच ४ असताना पीएच ७.६ म्हणजे ३ मिलिग्रॅम, ७.० म्हणजे १२, ६.६ म्हणजे ३०. टाकीत ओंडका किंवा आम्लधर्मी माती असेल तर हा हिशेब चुकतो.

मासे मात्र आत्ताची स्थिती सांगतात. ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर लगेच गॅस बंद, एअर पंप चालू आणि ३० ते ५० टक्के पाणी बदल. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं: २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३. पाणी ३० अंशांच्या वर राहणार असेल तर आधी पंख्याची सोय करा, गॅस नंतर. भारनियमन असलेल्या गावात सोलेनॉइड आणि फिल्टर एकाच बोर्डवर ठेवा. वीज गेली की दोन्ही एकदम थांबले पाहिजेत. इन्व्हर्टरवर फक्त सोलेनॉइड राहिला तर साचलेल्या पाण्यात गॅस सुटत राहतो आणि सकाळी सगळे मासे मेलेले सापडतात. सिलिंडर संपत आलं की साध्या रेग्युलेटरचा दाब अचानक वाढतो आणि उरलेला गॅस एकदम सुटतो, म्हणून सिलिंडरचा दाब दाखवणारा मुख्य काटा घसरू लागला की लगेच बदला.

गॅस आला की खताची भूकही वाढते, हे दुकानदार क्वचित सांगतो. कृषी सेवा केंद्रातलं तेरा-शून्य-पंचेचाळीस हे पोटॅशियम नायट्रेट. ५० लिटरमध्ये १ ग्रॅम टाकलं की लिटरमागे १२ मिलिग्रॅम नायट्रेट मिळतं. शून्य-बावन्न-चौतीस (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) ०.१ ग्रॅम टाकलं की लिटरमागे १.४ मिलिग्रॅम फॉस्फेट. आठवड्यातून एकदा एवढं द्या, सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि दर आठवड्याला अर्धं पाणी बदला. एकोणीस-एकोणीस-एकोणीस चुकूनही टाकू नका. त्यातला युरिया आणि अमोनिया मासे मारतो. मुंबईच्या धरणाच्या पाण्यासारखं मऊ पाणी असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमही लागेल. बोअरच्या कठीण पाण्यात ते पुरेसं असतं, पण तेवढाच सीओटू असूनही पीएच वर दिसतो. आकडा बघून घाबरून गॅस वाढवू नका.

कधी गॅस सोडायची वेळ आली, घर बदललं किंवा वेळ पुरेना झाला, तर आधी दिवा ६ तासांवर आणा. मग तीन आठवड्यांत बुडबुडे हळूहळू कमी करा आणि गालिच्याची व लाल झाडं काढून त्यांच्या जागी क्रिप्टोकोरिन लावा.