पावसात गळाला जाताय? रेनकोट घेताना या चुका टाळा

१ जूनला यांत्रिक बोटी ६१ दिवसांसाठी किनाऱ्याला लागल्या की खाडीच्या तोंडाशी, धक्क्यावर आणि कातळावर गळवाल्यांची गर्दी सुरू होते. गढूळ पाणी उतरायला लागलं की तांबोशी, जिताडा, शेंगाळा यांच्या आशेने माणसं भर झडीत सहा-सहा तास उभी राहतात. दरवर्षी त्यांची एकच तक्रार असते: रेनकोट भारीतला घेतला, तरी आतून चिंब झालो. यातले निम्मे रेनकोट गळतच नसतात.

घामाला गळती समजणं

"पाणी अडवतो, पण हवा खेळती ठेवतो" अशा कापडाचा रेनकोट कोकणच्या पावसासाठी घेणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. हे कापड खोटं नाही, पण ते चालतं कसं ते समजून घ्या. अंगातून निघणारी वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकामुळे. बाहेर ५ अंश तापमान असेल तर हा फरक मोठा असतो आणि वाफ पटापट निघून जाते. जुलैत आपल्याकडे २७ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. तिथे तोच फरक निम्म्याहून खाली येतो. त्यात तासाभरात बाहेरचं कापड भिजून गडद झालं की वाफेची वाटच बंद. घाम आत साठतो, अस्तरावर थेंब धरतात आणि माणूस दुकानात जाऊन भांडतो. दुकानदार रेनकोट बदलून देतो. पुढच्या रविवारी तेच घडतं.

गळती आहे की घाम, हे ओळखायला रेनकोट अंगावरून उतरवायच्या आधी ओल कुठे आहे ते बघा. कोपरापासून काखेपर्यंत ओल असेल तर पाणी मनगटातून शिरलंय. छातीवर उभा पट्टा असेल तर चेन गळतेय. फक्त खांद्यावर असेल तर पिशवीच्या पट्ट्याने घासून शिवणीवरची टेप सुटलीय. पाठ आणि पोट सारखंच दमट असेल तर तो घाम. तरीही शंका असेल तर रेनकोटच्या आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि बाहेरून त्याच जागी दहा मिनिटं मगाने पाणी ओता. कागद कोरडा राहिला तर रेनकोटची काही चूक नाही.

यावर उपाय जुनाच आहे. इरलं, म्हणजे डोक्या-पाठीवरून घ्यायचं बांबू-पानांचं आच्छादन, पाठीवरचा पाऊस अडवतं आणि खालून सगळं मोकळं ठेवतं, म्हणून त्यात माणूस दिवसभर वाकून लावणी करू शकतो. आपल्याकडे वारा खेळवायला जागा ठेवणं हे कोणत्याही महागड्या कापडापेक्षा जास्त उपयोगी पडतं. म्हणून माझी पसंती जाड पीव्हीसीच्या किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेल्या साध्या रेनसूटला. नेहमीपेक्षा एक माप मोठा, पाठीवर झडपेखाली जाळी, काखेत हवेची भोकं. शिवणी डकवलेल्या असाव्यात, निदान आतून टेप मारलेल्या तरी. दुकानात आतली बाजू उलटी करून प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा. टेप कुठे उचलली असेल तर तो तुकडा घेऊ नका. आत सुती बनियन नको, पॉलिस्टरचा पातळ टी-शर्ट घाला. सुती कपडा भिजला की वाळत नाही, आणि वाऱ्यावर त्याच ओलीने हुडहुडी भरते.

कापड किती पाणी झेलतं याचा आकडा लेबलवर असतो, तोही समजून घ्या. १०,००० मिलिमीटर म्हणजे कापड दहा मीटर उंच पाण्याचा दाब झेलतं, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. उभ्याने पाऊस झेलायला हे पुष्कळ झालं. पण मासा सोडवायला कातळावर एक गुडघा टेकला की अंगाचा अर्धा भार जेमतेम वीस चौरस सेंटिमीटरवर येतो, म्हणजे हा आकडा तिथेच ओलांडला. पाणी पँटीच्या गुडघ्यातून आत येतं ते यामुळे. तेवढ्यासाठी २०,००० चा आकडा शोधत बसू नका, फोमचा जाड तुकडा सोबत ठेवा आणि त्यावर गुडघा टेका.

पाग टाकताना बटणांचा रेनकोट

ही चूक जिवावर बेतते, म्हणून सविस्तर सांगतो. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. पाग टाकणारा जाळ्याचा एक भाग कोपरावर घेतो, एक हातात धरतो आणि दोरीचा फास मनगटात अडकवतो. मग कमरेतून वळून सगळं जाळं गोल उघडेल असं फेकतो. आता त्याच्या छातीवर मोठ्या बटणांचा रेनकोट असेल तर जाळ्याचा एखादा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बटणात अडकतो. चेनची लोंबती पट्टी किंवा टोपीच्या नाडीचं प्लॅस्टिकचं कुलूप असेल तरी तेच. फेकताना ते कळत नाही. शिशाच्या गोळ्यांनी जड झालेलं जाळं पुढे जातं आणि त्याच झटक्यात छाती पुढे ओढली जाते. पाय शेवाळलेल्या कातळावर असतात. माणूस जाळ्याच्या मागोमाग पाण्यात पडतो, अंगाभोवती जाळं आणि मनगटात दोरी. ओहोटी लागलेली असेल तर पुढच्या काही क्षणांत तो खाडीच्या मुख्य धारेत असतो. चांगलं पोहता येऊनही हात मोकळे नसतात. आणि हे नवशिक्यांचंच होतं असं नाही, घाईत असलेल्या जाणत्यांचंही होतं.

पागासाठी समोरून सपाट असलेलाच रेनकोट घ्या. डोक्यातून घालायचा, पुढे चेन नसलेला सगळ्यांत उत्तम. चेनचाच असेल तर चेनवर वेल्क्रोने बंद होणारी झडप हवी आणि ती पूर्ण बंद करूनच पाग हातात घ्यायचा. टोपीच्या नाड्यांची कुलपं मी नवीन रेनकोट आणला की पहिल्याच दिवशी कापतो आणि नाडी आत शिवून टाकतो. मनगटातला फास सरकता ठेवा, हात आक्रसून ओढला की सुटला पाहिजे. "एवढं कोण करत बसणार" असं म्हणणाऱ्यांनी पाग टाकूच नये, गळाची काठी घेऊन बसावं.

बाहीतून शिरणारं पाणी

गळ फेकताना हात वर जातो आणि बाहीवरचं पाणी थेट काखेकडे वाहतं. नुसतं इलॅस्टिक ते अडवत नाही. आत निओप्रीनची (मऊ रबरी कापडाची) पट्टी आणि वर वेल्क्रो, अशी दुहेरी बाही बघा. ती मिळत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापून बाहीवरून मनगटात घाला. फक्त ते इतकं घट्ट नको की बोटं बधिर होतील. दुकानात रेनकोट अंगावर घालून दोन्ही हात डोक्यावर न्या, मग उकिडवे बसा. पोट उघडं पडलं तर माप चुकलं. म्हणूनच कमरेच्या पँटीपेक्षा छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट बरी.

लाइफ जॅकेट रेनकोटच्या आत

होडीतून जाणार असाल किंवा लाटा लागणाऱ्या कातळावर उभे राहणार असाल तर लाइफ जॅकेट रेनकोटच्या वरूनच. गॅसने फुगणारं जॅकेट आत घातलं तर फुगताना त्याला जागा मिळत नाही, छाती आवळते आणि ते नीट उघडतही नाही. विकत घेताना पूर्ण रेनसूट घालूनच पट्टे पुरतात का ते बघा.

आणखी काही

पोंचो नको. वाऱ्यात तो तोंडावर येतो, पायाखालचं दिसत नाही आणि गळ त्यातच रुततो.

राखाडी, निळा, काळा रंग पावसाळी पाण्यात दिसत नाही. पिवळा किंवा नारिंगी घ्या.

रेनकोटचा हूड डोक्याबरोबर वळला पाहिजे. आत पुढे छज्जा असलेली कॅप घाला, म्हणजे तो डोळ्यांवर उतरत नाही. लाटेचा आवाज ऐकू येत नसेल तर हूड मागे टाका, डोकं भिजलं तरी चालेल.

गमबूट पायात ढिले हवेत, पाण्यात पडल्यावर झटकून काढता आले पाहिजेत. पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको. शेवाळलेल्या कातळावर मात्र गुळगुळीत तळाचा गमबूट घालून जाऊच नका.

विजा कडकडायला लागल्या की कितीही चांगला रेनकोट कामाचा नाही. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. काठी खाली ठेवा आणि निघा.

घरी आल्यावर

खाऱ्या पाण्याचा रेनकोट तसाच घडी करून गाडीच्या डिकीत टाकणं म्हणजे तो पुढच्या वर्षी नवा घेण्याची तयारी. मीठ चेनमध्ये बसतं, धातूची चेन महिन्याभरात अडकते. म्हणून मुळात प्लॅस्टिकच्या जाड दातांचीच चेन घ्या. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत आधी उलटा मग सुलटा वाळवा, चेनवर मेणबत्ती घासा. पीयूचा थर दमट जागी घडी करून ठेवला तर चिकट होऊन सुटतो आणि पीव्हीसी उन्हात राहिलं तर तडकतं, म्हणून हंगाम संपल्यावर हँगरला टांगा. डासांसाठी डीट असलेलं मलम लावलेले हात रेनकोटला लावू नका, ते प्लॅस्टिक खातं.

गळाचं भोक पडलं तर सायकल पंक्चरचं सोल्यूशन पीव्हीसीवर टिकत नाही. पीव्हीसीला पीव्हीसीचाच गोंद आणि त्याच कापडाचं ठिगळ लागतं, पीयूला पीयूचं सीलंट. जागा स्पिरिटने पुसून, ठिगळ गोल कापून आतून लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी सुटतात.