जुन्या ट्रॅक्टरची डिझेल लाईन नव्याने बांधताना: टाकीपासून नोझलपर्यंत

मृग जवळ आला की आमच्या शीळफाट्याकडच्या गावांत तोच आवाज सुरू होतो. सेल्फ फिरत राहतो, इंजिन दोन ठोके घेतं आणि पुन्हा गप्प होतं. भातकापणी आणि मळणी उरकली की ट्रॅक्टर शेडमध्ये जातो. मग अर्ध्या टाकी डिझेलवर, खाडीच्या दमट हवेत तो महिनोन् महिने उभा असतो. चिखलणीच्या तोंडावर त्याची आठवण होते आणि शेजारचा कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, "पंप गेला, काढून टाक."

पंप, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप, इतक्यात काढू नका. काही वर्षांपूर्वी मी ती घाई केली होती. आबांच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा पंप थेट उतरवला, नवे एलिमेंट (प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि त्याचं बॅरल यांच्या जोड्या) टाकून आणला आणि टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पंधरा दिवसांत, ऐन चिखलणीत, इंजिन पुन्हा मिसिंग करू लागलं. पंप उघडला तर नव्याकोऱ्या प्लंजरवर उभे ओरखडे. टाकीच्या तळाशी गंजाचा थर होता आणि त्यात पारसिकच्या डोंगरालगतच्या क्रशरची करडी भुकटी. पंपाचा काही दोष नव्हता. प्लंजर आणि बॅरल यांच्यात मोकळीक असते जेमतेम दोन-तीन मायक्रॉन, आणि माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. एवढ्याशा फटीत भुकटी शिरल्यावर नवा एलिमेंट तरी काय करणार?

म्हणून कामाचा क्रम डिझेल वाहतं तसाच ठेवा: टाकी, कॉक, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), फिल्टर, मग इंजेक्शन पंप, प्रेशर पाईप आणि शेवटी नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक.

खोलण्याआधी दोष शोधा

पाना हातात घेण्याआधी एक तास तपासणीला द्या.

ट्रॅक्टर अर्धा तास नीट चालून मरत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा चालवा. आता तो मरत नसेल, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. आत पोकळी तयार होते आणि डिझेल ओढलं जात नाही. दुरुस्ती एका तारेच्या टोकाने होते.

दुसरी चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं, गाळलेलं डिझेल घ्या, कॅन पंपाच्या वर टांगा आणि फीड पंपाला नवा पारदर्शक पाईप जोडा. इंजिन सुरळीत चाललं तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधे आहे. याच पाईपमधून बुडबुडे जाताना दिसले तर हवा या पाईपच्या जोडापाशीच शिरतेय. ओढणाऱ्या बाजूच्या गळतीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे तिथलं सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो.

इंजिन चालतंय पण लंगडतंय, तर आयडलवर एकेका सिलिंडरच्या प्रेशर पाईपची नट किंचित सैल करा. ज्या सिलिंडरची नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. नटवर जाड फडकं टाका आणि हात लांब ठेवा.

इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर एका रांगेत असलेल्या पंपाच्या) कॅमला वेगळं ऑइल असेल तर त्याची पातळीही बघा. पातळी वाढली असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर एलिमेंट झिजून डिझेल खाली उतरतंय, किंवा फीड पंपाच्या दांड्यापाशी गळतंय. पंप उतरवायला हे मात्र सबळ कारण आहे.

टाकी आणि फिल्टर

टाकीतलं सगळं डिझेल काढा आणि त्यातलं लिटरभर काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तळाशी वेगळं दिसेल. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत थर असेल तर जंतूंची वाढ झालीय. अशी टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, ती उतरवूनच धुवावी लागते. धुवायला डिझेलच वापरा. पाणी नको आणि पेट्रोल तर अजिबात नको. गंज फार असेल तर टाकीत मूठभर स्वच्छ नट-बोल्ट आणि दोन लिटर डिझेल घालून ती हलवा. नंतर नट-बोल्ट मोजून काढा.

फीड पंपाच्या आत येणाऱ्या बंजो बोल्टमध्ये (ज्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टमध्ये) बहुतेक ठिकाणी बारीक जाळी असते. जुन्या मेकॅनिकना ती ठाऊक असते, नव्या मालकांना नसते. ती धुवा. दोन्ही फिल्टर नवे टाका, सोबत आलेले ओ-रिंग आणि वॉशरही नवेच. सुटणाऱ्या धाग्यांमुळे कॉटन वेस्ट या कामात वापरू नये.

रबरी नळ्या आणि सील सगळे बदला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चं डिझेल मिळतं आणि त्यात गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत दहा भागांपेक्षा) जास्त नसतं. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं मुरलेले सील या डिझेलमध्ये आकसून गळू शकतात.

नोझल

आधी इंजिनचा तो भाग डिझेल आणि ब्रशने धुवा. प्रेशर पाईप सोडताना पंपाकडचा होल्डर (पाईप ज्यावर आवळलेला असतो तो भाग) दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर पाईपसोबत तोही फिरतो. पाईपना सिलिंडरप्रमाणे चिठ्ठ्या बांधा, वाकवू नका, आणि उघडं पडलेलं प्रत्येक तोंड लगेच टोपीने बंद करा. टोप्या नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिक आणि रबर बँड चालेल.

इंजेक्टर (नोझल ज्यात बसतं तो भाग) अडकला असेल तर त्यावर हातोडा चालवू नका. भोवती तेल सोडा, रात्रभर राहू द्या, मग डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. तो निघाला की भोकात बॅटरी मारून बघा. जुना तांब्याचा वॉशर बऱ्याचदा तळाशीच चिकटून राहतो. त्याच्यावर नवा वॉशर बसला तर नोझलचं टोक वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो, आणि नवं नोझल असूनही काळा धूर येतो. आकड्याच्या तारेने जुना वॉशर काढा, बैठक साफ करा आणि भोकात स्वच्छ फडकं खोचून ठेवा.

नोझलवर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे. 'डीएलएलए'नंतरचा आकडा फवाऱ्याचा कोन सांगतो. "हेच बसतं, चालेल" असं कुणी म्हणालं तर दुकान बदला, कारण बसणं आणि जुळणं यांत फरक आहे.

जुनं नोझल ठेवण्याजोगं आहे का, हे घरी तपासता येतं. सुई आणि बॉडी ताज्या डिझेलमध्ये धुवा आणि ओलीच जुळवा. बॉडी ४५ अंशांत धरून सुई एक-तृतीयांश बाहेर ओढा आणि सोडा. ती स्वतःच्या वजनाने घसरत खाली बसली पाहिजे. अडखळली तर जोडी बाद. एकीची सुई दुसऱ्या बॉडीत घालू नका, त्या कारखान्यात एकमेकींसाठी घासलेल्या असतात.

पुढचं काम नोझल टेस्टरवर, म्हणजे दाब देऊन फवारा दाखवणाऱ्या यंत्रावर. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत नोझल उघडण्याचा दाब साधारण १७५ ते २०० बारच्या पट्ट्यात असतो. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या आणि शिम (पातळ चकत्या) बदलून तिन्ही नोझल एकाच दाबाला आणा. उघडण्याच्या दाबाहून दहा-वीस बार कमी दाब दहा सेकंद धरला तर टोकाशी थेंब जमता कामा नये. फवारा धुक्यासारखा हवा, पिचकारीसारखी धार नको.

त्या फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि तेवढ्यात बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि "दाबाखाली डिझेल आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पंप: काय घरी, काय बाहेर

इनलाइन पंपाची कल्पना जुनी आहे, बॉशने तो १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. आपल्याकडे मेकॅनिक त्याला अजूनही 'मायको पंप' म्हणतात. १९५१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं हे नाव, २००८ पासून ती बॉश लिमिटेड आहे. यात प्लंजरची वर-खाली चाल कायम तेवढीच असते. त्यावर तिरकी खाच असते. रॅक, म्हणजे आतली दातेरी पट्टी, सरकला की प्लंजर स्वतःभोवती फिरतो आणि डिझेल कमी-जास्त होतं.

आमच्या दमट हवेत उभ्या ट्रॅक्टरचा रॅक गंजून जागीच बसतो. बाजूची झाकणपट्टी असेल तर ती काढा. रॅक बोटाने मागे-पुढे सरकला पाहिजे. जड असेल तर पातळ तेल सोडून धीराने मोकळा करा. रॅक भरल्या डिझेलवर अडकलेला असताना इंजिन सुरू झालं तर ते सुसाट सुटतं आणि बंद होत नाही.

एलिमेंट, डिलिव्हरी वॉल्व्ह आणि गव्हर्नर (इंजिनचा वेग आवरणारा भाग) यांचं काम मात्र टेस्ट बेंचवरच, म्हणजे पंप चालवून मोजणाऱ्या यंत्रावरच होतं. कितीही हौस असली तरी ते अंगणात करू नका. कळंबोली, तुर्भे, वागळे इस्टेट या भागांत ट्रक आणि कारखान्यांमुळे पंप रूम सापडतात. पंप देताना तीन गोष्टी मागा: एलिमेंटचा पूर्ण संच बदलणं (एखादा-दुसरा नाही), जुने भाग परत, आणि बेंचवरचे आकडे कागदावर. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पूर्ण वेगावर आणि आयडलवर किती डिझेल येतं ते. तीन नळ्यांत डिझेल सारखं चढताना तुम्ही स्वतः उभं राहून बघा. चांगला कारागीर हौसेने दाखवतो.

तुमचा पंप रोटरी असेल तर त्याला वेगळं ऑइल नसतं, आतले भाग डिझेलवरच चालतात. पाण्याचा पहिला फटका त्यालाच बसतो.

टायमिंग

पंप उतरवण्याआधी इंजिन चालण्याच्या दिशेने फिरवत एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर, फ्लायव्हीलच्या खुणेवर आणा. त्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह ढिले लागले तर बरोबर. मग पंपाचा फ्लँज (बोल्ट लावायची कडा) आणि गिअरकेस यांवर मिळून एक रेघ छिन्नीने ठोका आणि त्यानंतर इंजिन फिरवू नका.

पंप परत बसवल्यावर थेंबाची चाचणी करा. एक नंबरच्या होल्डरखालचा डिलिव्हरी वॉल्व्ह आणि स्प्रिंग काढा, होल्डर परत लावून त्याला बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली नळी जोडा. अॅक्सिलरेटर पूर्ण, स्टॉपचा दांडा चालू स्थितीत. फीड पंपावरचा हात पंप मारत राहा आणि इंजिन अगदी हळू फिरवा. धार बारीक होते, थेंब पडू लागतात, आणि थेंब थांबतो तो इंजेक्शनचा क्षण. तेव्हा फ्लायव्हीलवर मॅन्युअलमधला अंश दिसला पाहिजे. दिसत नसेल तर फ्लँजच्या नट सैल करून पंप थोडा फिरवा. पंपाचा कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट फिरवलं की टायमिंग पुढे येतं, म्हणजे डिझेल लवकर सुटतं. शेवटी वॉल्व्ह आणि स्प्रिंग परत घाला.

हवा काढणं आणि पहिला स्टार्ट

आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा. बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत हात पंप मारा. नंतर नोझलकडच्या नट दीड फेरा सैल ठेवून सेल्फ मारा, डिझेल ओघळलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको. पाईपच्या क्लिपा विसरू नका, त्या नसल्या की थरथरीने पाईपना तडे जातात.

पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाईप काढून ठेवा आणि शेजारी माणसाला जाड फळी देऊन उभं करा. इंजिन सुटलं तर त्याने हवेचं तोंड झाकायचं, हाताने नाही. स्टॉपचा दांडा आधी दोनदा ओढून बघा.

गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर टायमिंग मागे आहे किंवा फवारा खराब आहे. काळा असेल तर डिझेल जास्त होतंय, नोझल गळतंय किंवा एअर क्लीनर तुंबलाय. निळा धूर इंजिन ऑइलचा, त्याचा या कामाशी संबंध नाही.

दहा तास चालवून सगळ्या नट गार इंजिनवर पुन्हा तपासा आणि फिल्टरखालचा बाऊल उघडा. तळाशी अजून करडी भुकटी दिसली तर टाकी पुन्हा धुवा आणि फिल्टर बदला, मगच नांगर जोडा.