सोलापुरातील कुटुंबाने पाणी, धान्य आणि आणीबाणीची तयारी कशी ठेवावी

सोलापुरात राहणाऱ्या कुटुंबाला अडचणीच्या दिवसांची तयारी वेगळी शिकवावी लागत नाही, कारण नळाला काही दिवसांआड येणारे पाणी, मे महिन्यातला ४३-४४ अंशांचा उन्हाळा आणि अधूनमधून पडणारा दुष्काळ यांनी ती सवय पिढ्यानपिढ्या लावलेली आहे. कमतरता असते ती पद्धतीची. घरात पिंपे भरलेली असतात, पण त्यांतले नेमके किती पाणी पिण्याचे हे ठरलेले नसते. धान्य असते, पण आषाढात त्याला सोंडे लागलेले दिसतात. साठा म्हणजे कोपऱ्यात रचून ठेवलेली वस्तू नव्हे, तर रोज वापरली जाणारी आणि वापरली तेवढी पुन्हा भरली जाणारी शिधासामग्री होय, हे लक्षात ठेवून ही मांडणी केली आहे.

पाणी

सोलापूर शहराचे बरेचसे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने येते. त्याशिवाय भीमेत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले जाते आणि हिप्परगा तलावाचाही आधार असतो. इतक्या लांबच्या प्रवासात कोठे वाहिनी फुटली किंवा उपसा केंद्राची वीज गेली, की पाण्याचा दिवस पुढे जातो. म्हणून आपल्या भागातल्या दोन पाळ्यांमधले अंतर मोजावे आणि साठा एका पाळीचा न ठेवता दोन पाळ्यांचा ठेवावा.

हिशेब सोपा आहे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर धरले, तर चौघांच्या घराला रोज २० लिटर लागतात. पाळी पाच दिवसांनी येत असेल तर दोन पाळ्यांसाठी असे २०० लिटर पाणी वेगळे, झाकलेले आणि फक्त त्याच कामासाठी राखलेले असावे. आंघोळ, धुणे, भांडी आणि संडास यांसाठी काटकसरीने माणशी ४०-४५ लिटर लागतात. म्हणजे सगळे मिळून एका पाळीला साधारण १००० लिटर होतात. छतावर टाकी बसवण्याची सोय नसलेल्या खोलीत एवढे पाणी मावत नाही, हे खरे आहे. अशा घरांनी निदान पिण्याच्या २०० लिटरांचा आग्रह सोडू नये. बाकीच्या कामांसाठी बोअरचे किंवा टँकरचे पाणी चालते, पिण्यासाठी ते तसेच वापरता येत नाही.

पिण्याचे पाणी दुपदरी सुती कापडातून गाळून, शक्यतो तोटी असलेल्या पिंपात भरावे. तोटी नसेल तर लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. त्यात हात किंवा तांब्या बुडवू नये, कारण चांगले भरलेले पाणी बहुतेक वेळा घरातच दूषित होते. पाणी गढूळ आले तर तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा, पण तुरटीने फक्त गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे विसरू नये. वरचे नितळ पाणी वेगळे काढून खळखळून उकळावे आणि ती उकळी निदान एक मिनिट टिकवावी. क्लोरीनच्या गोळ्या वापरायच्या असल्यास वेष्टनावरचे प्रमाण पाळावे आणि पाणी अर्धा तास तसेच ठेवून मग प्यावे.

नळाला पाणी येताच आधीचे ‘शिळे’ म्हणून गटारात ओतून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि ती मनापासून सोडून द्यावी असे मला वाटते. झाकून ठेवलेले पाणी चार दिवसांत खराब होत नाही. प्यायचे नसेल तर त्याने धुणे करावे, फरशी पुसावी किंवा ते झाडांना घालावे. काही घरांत याच्या नेमके उलटे घडते. धुण्या-भांड्यांसाठी वापरायच्या पाण्याचे पिंप कधीच रिकामे होत नाही आणि जुन्यावरच नवे पाणी भरले जाते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पाणी लागले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. पाण्याच्या प्रत्येक दिवशी पाळीपाळीने एक-दोन पिंपे पूर्ण रिकामी करून आतली भिंत काथ्याने घासावी, ती उन्हात कोरडी होऊ द्यावी आणि मगच भरावी. तोंडाला जुन्या साडीचे किंवा धोतराचे कापड ताणून बांधले, तर झाकणाच्या फटीतून डास शिरण्याची वाट उरत नाही.

स्वतःचे छत असलेल्यांनी पावसाचे पाणी वाया घालवू नये. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. सोलापुरात वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. ५०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरच्या छतावर २५ हजार लिटर पाणी पडते आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता त्यातले २० हजार लिटर हाती लागू शकते. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो, म्हणून पन्हाळी, नळ आणि गाळणी मे महिन्यातच नीट करून ठेवावी. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. ते बाहेर सोडावे, नंतरचे टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात घ्यावे.

ज्वारी आणि बाकीचा शिधा

धान्याचा विचार करताना सुरुवात ज्वारीपासून करावी, कारण ती इथल्या मातीची, इथल्या पोटाची आणि टिकाऊ आहे. रब्बीची मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते, तेव्हा बाजारात माल भरपूर असतो आणि भाव आवाक्यात असतो. भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी याच हंगामात मिळते. दोन्ही वेळा भाकरी खाणाऱ्या प्रौढ माणसाला महिन्याला साधारण १० किलो ज्वारी लागते, त्यामुळे दोन मोठी आणि दोन लहान माणसे असलेल्या घराला एक क्विंटल ज्वारी तीन महिन्यांहून थोडी अधिक पुरते. एवढी राखीव असली की पाऊस लांबला किंवा एखाद्या महिन्याची मजुरी बुडाली तरी चूल बंद पडत नाही.

यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर आठवड्याच्या पगारात चालणाऱ्या घरांना एकदम क्विंटलभर ज्वारी घेणे जमत नाही. त्यांनी दर आठवड्याच्या बाजारात नेहमीपेक्षा दोन किलो जास्त घेऊन ती वेगळ्या डब्यात टाकावी. वर्षअखेर हा वाढीव साठाही क्विंटलभर होतो आणि कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

साठवणीत सगळे लक्ष ओलाव्याकडे द्यावे. ज्वारी दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून वाळवावी आणि दाणा दाताखाली फोडून पाहावा. तो कटकन् फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. उन्हातून आणलेली ज्वारी लगेच कोठीत भरू नये, कारण गरम धान्य बंद डब्यात घाम धरते आणि तिथूनच बुरशीला सुरुवात होते. रात्रभर सावलीत गार करून सकाळी भरावी. कोठी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे, म्हणजे आत किड्याला लागणारी हवा कमी राहते. ती विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालण्याची रीत चांगली आहे, पण दाणा कोरडा नसेल तर पाल्याचा उपयोग होत नाही. महिन्यातून एकदा कोपरापर्यंत हात आत घालून पाहावे. धान्य आत उबदार लागले तर किडे पडले असे समजून त्याच दिवशी पुन्हा ऊन द्यावे. गोदामात धुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या विषारी गोळ्या राहत्या घरात मुळीच आणू नयेत. त्यांच्या वायूने झोपेत माणसे दगावलेली आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात नकोत.

ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा लवकर कमी होतो आणि जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते, म्हणून पीठ आठवड्यापुरतेच दळावे. मात्र वीज गेली की गिरणीही बंद पडते, आणि अशा वेळी सोलापूरची कडक भाकरी उपयोगाला येते. भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापावी, दोन्ही अंगांनी भाजावी आणि मग मंद आचेवर, कापडाच्या बोळ्याने दाबत, तिच्यातला सगळा ओलावा जाईपर्यंत तव्यावर राहू द्यावी. मधोमध मोडली तर कडेइतकीच खुसखुशीत तुटली पाहिजे. मध्यभाग वाकला तर ती टिकणार नाही. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास ती महिनाभर सहज राहते, आमटीत किंवा दुधात चुरून खाता येते आणि तिला पुन्हा इंधन लागत नाही. सोबत शेंगाचटणी असली की जेवण होते. शेंगदाणे मात्र फोडून साठवण्याऐवजी टरफलासकट ठेवावेत, आणि बुरशी आलेले, आकसलेले किंवा कडवट दाणे निवडून फेकावेत. ते भाजूनही खाण्याजोगे होत नाहीत.

डाळी वाळवून एरंडेलाचा हलका हात फिरवून ठेवाव्यात. कांद्याच्या बाबतीत हंगाम ओळखावा: हिवाळ्यात बाजार समितीत ढिगांनी येणारा लाल कांदा टिकत नाही, साठवायचा तो एप्रिल-मेमधला उन्हाळी. त्याची मान पूर्ण सुकलेली असावी, तो हवेशीर जागी पातळ थरात पसरावा आणि बटाट्यांपासून लांब ठेवावा. आपल्या उन्हाचा उपयोग सांडगे, कुरडया, वाळवलेली गवार आणि मेथी यांसाठी करून घ्यावा, कारण पावसाळ्यात भाजी महागते. परसात किंवा गच्चीवर जागा असेल तर शेवगा, कढीपत्ता आणि अंबाडी ही झाडे कमी पाण्यात येतात. भाज्या धुतलेले पाणी त्यांना पुरते.

वीज, ऊन आणि पूर

गॅसची दुसरी टाकी भरलेली असावी. ती नसेल आणि कोळशाची शेगडी पेटवावी लागली, तर ती अंगणात किंवा उघड्या गच्चीवरच पेटवावी, कारण बंद खोलीत कोळशाचा वास न येणारा विषारी वायू साचतो.

मे महिन्यात वीज गेली तर पत्र्याखालचे घर धोक्याचे होते. छताला चुन्याचा पांढरा हात उन्हाळ्याआधी द्यावा, दुपारी खिडक्यांना ओली चादर लावावी, आणि म्हाताऱ्या माणसांना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी देत राहावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले की घरगुती जलसंजीवनी होते; मिठाचे प्रमाण वाढवू नये. अंग तापलेले असून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी एका कुंडीत दुसरी लहान कुंडी ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि कुपी झाकून आत ठेवावी. आपल्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली गारवा देते. नेहमीची औषधे निदान महिनाभराची असावीत.

दुष्काळी जिल्हा म्हणून पुराकडे दुर्लक्ष करता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काठच्या गावांत पाणी घातले. नदीकाठच्या घरांनी आधार, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक आणि लसीकरणाची कार्डे घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत एकत्र ठेवावीत आणि त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्येही असाव्यात. त्याच पिशवीत सुट्ट्या नोटा असाव्यात, कारण मोबाईलचे जाळे बंद पडले की दुकानदार मोबाईलवरून पैसे घेऊ शकत नाही. बाकीच्या सामानात टॉर्च, भारलेली पॉवर बँक, शिट्टी, दोर, दोन दिवसांच्या कडक भाकऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या पुरतात. धरणातून विसर्ग वाढवल्याचे कळताच जनावरांची दावी सोडावीत आणि ती उंचावर न्यावीत. पाणी अंगणात येईपर्यंत थांबू नये. सर्व मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक मुलांना पाठ करून घ्यावेत आणि मोबाईलची बॅटरी संपल्यास वाचता यावेत म्हणून दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.