झोपेसाठी घेतला जाणारा रात्रीचा पेग कसा सोडावा

दारू प्यायल्यावर झोप लवकर लागते हे खरे असले, तरी हा परिणाम काही रात्रींतच बोथट होतो आणि एका पेगचे दोन पेग होतात.

प्रथम हिशेब समजून घ्यावा. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते, आणि यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच निकामी करू शकते. म्हणजे रात्री १० वाजता घेतलेले दोन पेग पहाटे २ ते ४ च्या सुमारास उतरतात. तोवर दाबून ठेवलेला मेंदू तेव्हा उसळतो आणि घाम, धडधड, विचित्र स्वप्ने किंवा लघवीची घाई यांनी माणूस जागा होतो. पहाटेची ही जाग अनेकांना आपला जुना निद्रानाश वाटते, म्हणून ते आणखी पितात.

सोडण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी, आणि ही पायरी कोणीही वगळू नये. रोज बरीच दारू लागत असेल, सकाळी हात थरथरत असतील किंवा पूर्वी फिट आली असेल, तर दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होऊ शकतो. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २४ तास विनामूल्य चालतो. झोपेची गोळी आणि दारू एकत्र कधीही घेऊ नये, कारण त्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

ही लक्षणे नसतील, तर पेग जेवणाआधी, निजण्याच्या किमान चार तास आधी आणावा, दर दोन-तीन रात्रींनी तो लहान करावा आणि मग बंद करावा. पहिले काही दिवस झोप आणखी बिघडेल. ती दारू सुटल्याची खूण आहे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

त्याच काळात उठण्याची वेळ रविवारीसुद्धा एकच ठेवावी. दुपारनंतर चहा-कॉफी आणि दुपारची झोप टाळावी. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे आणि वीसेक मिनिटांत झोप न लागल्यास उठून मंद उजेडात शांतपणे बसावे. घड्याळ पाहू नये.

मोठ्याने घोरणे किंवा झोपेत श्वास अडखळणे जोडीदाराच्या लक्षात आले असेल, तर तपासणी करून घ्यावी, कारण दारूने घशाचे स्नायू सैल पडून हा त्रास वाढतो.