सीजीनॅट असतानाही घरचा सर्व्हर बाहेरून कसा उघडायचा

राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती घरच्या मशीनकडे वळवणं) नीट केलंय, तरी घरचं नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःच्या मशीनवर चालणारी फाइल साठवण, बाहेरून उघडत नाही? आधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय, त्यामुळे बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. डायनॅमिक डीएनएसचाही (बदलत्या आयपीला नाव जोडून ठेवणारी सेवा) इथे उपयोग नाही. स्टॅटिक आयपी परवडत असेल तर तो घ्या, आणि घरी सर्व्हर चालवण्याबद्दल प्लॅनच्या अटी काय म्हणतात तेही वाचा.

नाहीतर जोडणी आतून बाहेर करायची. १ जीबी रॅमचा, सार्वजनिक आयपी असलेला व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) पुरतो. भारतात राहत असाल तर मुंबईतला घ्या, कारण सगळा डेटा त्याच्यातून फिरून येणार. त्याच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० आणि टीसीपी ८०, ४४३ उघडा. दोन्हीकडे वायरगार्ड (दोन मशीनमध्ये खाजगी जोडणी करणारं व्हीपीएन) टाका: व्हीपीएसला १०.८.०.१, घरच्या मशीनला १०.८.०.२.

घरच्या मशीनच्या वायरगार्ड कॉन्फिगमध्ये दोन ओळी जपून लिहा. अलाउड-आयपीज फक्त १०.८.०.१/३२ ठेवा, ०.०.०.०/० लिहिलंत तर त्या मशीनचा सगळाच ट्रॅफिक व्हीपीएसमार्गे जाईल. पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ द्या. ही ओळ विसरली की सुरुवातीला सगळं चालतं आणि थोड्या वेळाने साइट गायब होते, कारण शांत पडलेली यूडीपी जोडणी नॅट (एक आयपी अनेकांत वाटणारी यंत्रणा) विसरतो आणि व्हीपीएसला ती पुन्हा सुरू करता येत नाही.

आता डोमेनचा ए रेकॉर्ड (नावाला आयपी जोडणारी नोंद) व्हीपीएसकडे वळवा आणि तिथे कॅडी हा वेब सर्व्हर बसवून त्याचा रिव्हर्स प्रॉक्सी (आलेली विनंती पुढे पोचवणारा) १०.८.०.२ वरच्या नेक्स्टक्लाउडच्या पोर्टला जोडा. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट कॅडी स्वतः आणतो. नेक्स्टक्लाउडच्या ट्रस्टेड प्रॉक्सीजमध्ये १०.८.०.१ घालायलाच हवं. नाहीतर सगळे वापरकर्ते त्याला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, आणि कुणी एक चुकीचा पासवर्ड टाकत राहिला की लॉगिन सगळ्यांचंच रखडतं.

पिंग लागतो, पण पान अर्धवट अडकतं? मग दोष बहुधा एमटीयूचा (एका पॅकेटचा कमाल आकार). दोन्ही टोकांना १२८० करून बघा.

याला पर्याय म्हणून क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेल सोपा आहे, व्हीपीएसही लागत नाही. पण मोफत प्लॅनवर एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा असल्याने इमिचमध्ये (घरच्या सर्व्हरवरचं फोटो-व्हिडिओ ॲप) मोठे व्हिडिओ चढत नाहीत, आणि तुमच्या ट्रॅफिकचं एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उघडलं जातं. घरच्या फोटोंसाठी आम्ही व्हीपीएसच सुचवू.

चाचणी घरच्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरून करा.